मंडपातल्या पडद्यावर तुझं नाव

नवी पेठ, सोलापूर
बुधवार, दुपार

प्रिय शिवयोगी,

तुझा मेसेज मिळाला. 'टेस्टचं नाव लाइव्ह गेलं की बे सिद्धू!' आणि त्यापुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं, ओळभर. हस बाबा, हस. पुण्यात बसून हसायला तुझं काय जातंय? तुझ्यापर्यंत जी क्लिप पोचली ती मीही बघितली. नवरी माइक धरते, पडद्याकडं बघते, खणखणीत आवाजात 'शिवयोगीरावां'चं नाव घेते, मागून कुणीतरी 'आँ?' करतं आणि क्लिप संपते. काढणाऱ्याच्या मोबाइलची बॅटरी नेमकी तिथंच गेली म्हणे. तो माणूस कधी भेटला तर त्याला मी पोटभर गव्हाची हुग्गी खाऊ घालणार आहे. कारण त्याच्या पुढं जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि मेसेजला अंगठा दाखवतोस. या गोष्टीला अंगठा मला चालणार नाही. म्हणून चक्क कागद घेतला, तोही अप्पांच्या दुकानातला, पत्रिका छापायचा जाड पिवळसर कागद. तुझी दाक्षायणी अक्का उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं तुझ्याकडं निघालीय, तिच्या पिशवीत शेंगाचटणीच्या पुड्याखाली हे पाकीट असेल. ती मंडपात होती, तिला सगळं माहीत आहे, पण तिला मी सिद्धरामेश्वराची शपथ घातलीय, तेव्हा तिच्या मागं लागू नकोस. रविवारी तू लातूरला मुलगी बघायला जाणार आहेस हेही मला तिच्याकडूनच कळलं. तर त्याआधी, इस्त्रीचा शर्ट अंगात घालायच्या आधी, हे शेवटपर्यंत वाच. मग जा नाहीतर राहा, तुझा तू मोकळा आहेस.

काम कसं आलं ते आधी सांगते. होटगी रोडच्या मैदानावर सामुदायिक विवाह होता. कमिटीत आमचे अप्पा, म्हणजे छातीवर गुलाबी बिल्ला आणि आवाज आपोआप एक पट्टी वर. मीटिंगमध्ये बोलून बसले, पत्रिका तर दरवर्षी आमच्याच दुकानातून जातात, यंदा आमची लेक सिद्धेश्वरी प्रत्येक जोडप्याला इंटरनेटवर पान करून देईल. मला न विचारता! घरी आल्यावर मी आधी कडाकडा भांडले आणि मग खोलीत जाऊन उडीच मारली. अरे, पहिलं मोठं काम! तू गेल्यापासून दुकानाच्या माळ्यावरच्या आपल्या त्या 'ऑफिसात' मी एकटी बारशाची आणि वाढदिवसाची पानं करत बसले होते. आता एकदम मंडपभर जोडपी, स्टेजवर भिंतीएवढा एलईडी पडदा, आणि अक्षता पडल्या की एकेक नवरी पुढं येऊन पडद्यावर बघून उखाणा घेणार. उखाण्याची कल्पना माझी. कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात अप्पांची सगळ्यात जोरात.

साचा एक आणि नावं अनेक, हे तूच शिकवलेलं. पान एकदाच लिहायचं, नावाच्या जागी महिरपी कंस टाकून मोकळी जागा सोडायची, सर्व्हर त्या जागेत ज्याचं त्याचं नाव भरून ज्याचं त्याला पान पाठवणार. अप्पांना हे सांगायलाच लागलं नाही. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' पुढं जागा सोडलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसूनच ते आयुष्यभर चहा पितायत. पण मला उखाणा पडद्यावर अक्षराअक्षरानं उमटायला हवा होता, फुलं उडायला हवी होती. म्हणून साच्याच्या पोटात स्क्रिप्ट घातली आणि स्क्रिप्टच्या आतही नावासाठी तशीच मोकळी जागा ठेवली. सर्व्हरनं आधी नाव भरायचं, मग ती भरलेली स्क्रिप्ट ब्राउझरनं वाचायची आणि उखाण्याच्या चौकटीत नवरदेवाचं नाव लिहायचं. तोवर चौकट भकास दिसू नये म्हणून तिथं एक नमुन्याचं नाव आधीच टाकून ठेवलेलं. शिवयोगी. स्क्रिप्ट चालू झाली की ते पुसायचं आणि खरं नाव बसवायचं, पापणी लवायच्या आत. कोण बघतंय?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मोहोळहून फोन आला. नवरदेव सिद्धाराम. त्याच्या दोस्तांचं म्हणणं, गावात त्याला सिद्धाराम म्हणून कुणी ओळखतच नाही, तेव्हा बाळू पाहिजे. आणि तेही फ्लेक्सवर असतं तसं, दोन्हीकडं अवतरण चिन्हं लावून: सिद्धाराम "बाळू". तुला माहीतच आहे, आपल्याकडं टोपणनावाला अवतरण चिन्हं नसली तर दोस्त लोक रुसतात. मी लिहिलं. तर उखाण्यात बाळूच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी अक्षरांचा कचरा! साचा आपला सावध गडी, अवतरण चिन्ह दिसलं की धोका समजून त्याला गुंडाळून पाठवतो. साध्या मजकुरात ब्राउझर ते गुंडाळलेलं सोडवून दाखवतो, पण स्क्रिप्टच्या आत सोडवत नाही. हे तू मला एकदा नाही, दहादा सांगितलेलं. त्यावरचा उपायही सांगितलेला. पण घाई रे! अव्वा खालून ओरडतेय, बांगड्या भरायला बाई आलीय, साडीला फॉल लागला नाही. मी काय केलं, तेवढ्या ठिकाणचं गुंडाळणंच बंद करून टाकलं. नाव जसंच्या तसं आत सोड म्हटलं. झालं कल्याण! बाळूचं अवतरण चिन्ह स्क्रिप्टच्या स्वतःच्या अवतरणाला जाऊन भिडलं, वाक्य मधेच संपलं आणि स्क्रिप्टनं तिथंच मान टाकली. बाकी सगळ्यांची पानं ठणठणीत. फक्त बाळूच्या पानावर नमुन्याचं नाव पुसायला कुणी उरलंच नाही.

आणि खरी गंमत पुढंच आहे. ते पान मी पुन्हा उघडून बघितलं होतं! अगदी नीट, शेवटपर्यंत वाचलं. कचरा गेलेला, उखाणा सरळ, रावांचं नाव सरळ. मी खूश होऊन लॅपटॉप मिटला आणि बांगड्या भरायला पळाले. नाव कुणाचं आहे हे माझ्या डोळ्यांना खटकलंच नाही, शिवयोगी. त्या जागी दोन वर्षं मी तेच नाव बघतेय. तिथं 'शिवयोगीराव' दिसलं की माझं मन म्हणतं, बरोबर आहे, पुढं चल.

तर गेला रविवार. मंडप गच्च, स्पीकरचा आवाज छातीत वाजतोय, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. पहिल्या काही नवऱ्यांनी झकास उखाणे घेतले, पडद्यावर फुलं उडाली, मी स्टेजच्या बाजूला उभी राहून तरंगत होते नुसती. मग आली आरोही, बाळूची नवरी. करकंबची पोर, बारकीशी, मुंडावळ्यांच्या आत चेहरा दिसेना. 'मला एकही उखाणा येत नाही हो ताई' म्हणून सकाळपासून घाबरलेली, आणि मीच तिला सांगितलेलं, पडद्यावर येईल ते डोळे झाकून वाच. तिनं वाचलं. 'शेंगाचटणी झणझणीत, हुग्गी लागे गोड, शिवयोगीरावांच्या नावाला साऱ्या जगात नाही तोड.' शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं. यव्वा! तिनं झटकन माइक पदराआड लपवला. बाळू बिचारा खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला.

मग त्याची आई उठली. सारजाबाई. नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि स्पीकरची गरज नसलेला आवाज. 'ह्यो कोण हाय शिवयोगी? आमच्या पोराचं नाव सिद्धाराम हाय! आताच अक्षता पडल्या आन् पोरीच्या तोंडात दुसऱ्याचं नाव?' मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, असंल करकंबात कुणीतरी. बस्स, तेवढं एक वाक्य मंडपभर फिरायला किती वेळ लागतो? आरोहीचे वडील हात जोडून पुढं आले. ती सांगत होती, पडद्यावर होतं हो, पडद्यावर होतं, आणि पडदा चालवणाऱ्यानं घाबरून तेवढ्यात पुढच्या जोडप्याचं पान लावलेलं. पडद्यावर आता दुसरंच नाव, दुसरीच फुलं. त्या पोरीची बाजू घ्यायला आख्ख्या मैदानात एक माणूस नव्हता. मी होते.

मी कशी पळाले माहीत नाही. एक चप्पल पायऱ्यांवरच राहिली. माइक घेतला आणि शहाण्यासारखी समजवायला लागले की चूक माझी आहे, अवतरण चिन्हामुळं स्क्रिप्ट तुटली, म्हणून नमुन्याचं नाव राहिलं. मी मंत्र म्हणत असल्यासारखे लोक माझ्याकडं बघत होते. सारजाबाई मात्र हुशार बाई. तिनं बरोबर नस धरली. 'कॉम्पुटरला काय सपान पडलं व्हय शिवयोगीचं? कुणीतरी घातल्याबिगर आलं का? कुणी घातलं?' मी म्हटलं, मी. 'का घातलंस? तुजा कोण त्यो?' आता बोल! समोर पहिल्या रांगेत आईबाप, गुलाबी बिल्ला लावून अप्पा, त्यांच्या शेजारी अव्वा, मागं आख्खी बाळीवेस, सगळी ओळखीची. मी उत्तर दिलं. काय दिलं ते सांगते, दम धर जरा, मलाच लिहिताना घाम फुटलाय. एवढंच सांगते की बायकांच्या बाजूनं जो हशा उठला तो थांबेचना. बँडवाल्यानं कुणी न सांगता ढोलावर थाप मारली. सारजाबाई पदरानं तोंड झाकून हसली, आरोहीच्या गालावरनं हात फिरवला आणि मला म्हणाली, 'आगं बया, मग आदी सांगायचं न्हाय व्हय! माजी सून फुकाट रडली की.'

तिथंच पायऱ्यांवर बसून मी लॅपटॉप मांडीवर घेतला. या वेळी तू सांगितलेला उपाय, तंतोतंत. नाव उघडं अवतरणात ओतायचं नाही, आधी डेटा म्हणून नीट बांधायचं आणि ते बांधलेलं गाठोडं स्क्रिप्टच्या हातात द्यायचं. मग आत एक अवतरण असो की दहा, गाठ सुटत नाही. पान पुन्हा लावलं. सिद्धाराम "बाळू" रावांचं नाव झळकलं, कुठं कचरा नाही, काही नाही, फुलं उडाली! आरोहीनं उखाणा परत घेतला, आणि काय घेतला रे! घसा फोडून. बाळूच्या दोस्तांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. पुढच्या सगळ्या नवऱ्या बिनघोर पार पडल्या. पंगतीत सारजाबाईनं मला शेजारी बसवून माझ्या ताटात हुग्गीवर तूप ओतलं, आणि वेळापूरच्या एका पाहुण्यानं तिथंच त्याच्या लेकीच्या लग्नाचं पान मला सांगून टाकलं. दोनच अटी घातल्या त्यानं. उखाणा पाहिजे आणि शिवयोगी नको.

आता तू विचारशील, कखग लिहायचं होतं की, माझंच नाव कशाला? तूच कारण आहेस. पहिला साचा आपण माळ्यावर बसून लिहिला तेव्हा मी कखगच लिहिलं होतं, आणि तू वैतागला होतास. म्हणालास, जिवंत माणसाचं नाव टाक, तेव्हा कळेल पान कसं दिसतं. शेजारी जिवंत माणूस एकच होता, घामानं चष्मा घसरलेला, एका हातात भजी आणि दुसऱ्या हातानं माझ्या चुका दाखवणारा. मी तुझं नाव टाकलं. तू हसलास आणि पुढच्या ओळीवर गेलास. मग तुला पुण्याची नोकरी लागली. तू जाताना स्टेशनवर मी तुला सर्व्हरचा पासवर्ड विचारत बसले, दुसरं काही सुचलंच नाही. नंतर बारसं असो, वाढदिवस असो, नवं काम आलं की जुना साचा उचलायचा, त्यात तुझं नाव तसंच. बदलायला काय, एक शब्द होता. बदललं नाही. सकाळी माळ्यावर जाऊन पहिलं पान उघडलं की तू दिसायचास, आणि मग दिवसभर एकटीला काम करायला बळ यायचं. खरं सांगते, मला वाटायचं ही सवय आहे. सवय नव्हती ती.

मंडपातून घरी येताना मी अप्पांच्या स्कूटरवर मागं. अप्पा गप्प. ते गप्प असले की मला जास्त भीती वाटते, तुला माहीत आहे. सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा मान न वळवता त्यांनी कानडीत विचारलं, 'अवंग गोत्तैतेन?' त्याला माहीत आहे का, एवढंच. मी म्हटलं, नाही अप्पा. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि अप्पा गाडी तशीच उभी ठेवून हसत बसले. मग म्हणाले, आधी गावाला सांगून मग नवऱ्या मुलाला सांगणारी पोर मी पहिलीच बघतोय. घरी अव्वा अजून रुसल्यासारखं करते, पण काल तुझी आई भाजी मंडईत भेटली तर तिला हात धरून चहाला घेऊन आली. दोघी काय बोलल्या मला सांगत नाहीत. तुला मीच सांगणार, एवढं मात्र तुझ्या आईकडून कबूल करून घेतलंय.

तर सारजाबाईनं विचारलं, तुजा कोण त्यो. मित्र आहे, पूर्वी माझ्यासोबत काम करायचा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते खोटं नव्हतं, आणि आरोहीला वाचवायला कदाचित पुरलंही असतं. पण माइक तोंडाशी होता, ती पोर माझ्या दंडाला धरून उभी होती, आणि माझ्या तोंडून आलं ते असं: 'मला त्याच्याशी लग्न करायचंय, म्हणून दोन वर्षं मी त्याचंच नाव तिथं लिहितेय.' शब्दाला शब्द हेच. आता इथं भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो मला तुझी खुशाली विचारतो, आणि सगळ्या सोलापूरकरांत हे माहीत नसलेला तू एकटाच उरलायस. म्हणून हे पत्र. शिवयोगी, तू मला आवडतोस, लई आवडतोस, आणि मला तुझ्याशी लग्न करायचंय. तुझ्या मनात तसं काही नसेल तर तोंडावर नाही म्हण आणि खुशाल लातूरला जा. मी रडेन, मग डोळे पुसून वेळापूरचं पान पूर्ण करेन, तुझ्यावर राग धरणार नाही. आणि असेल, तर त्या लातूरच्या मुलीला उगाच साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायला लावू नकोस, आजच कळव तिच्या घरी. मग मला फोन कर. अंगठा नको, 'हं' नको, तोंडानं बोल.

तुझ्या होकाराआधीच गावभर तुझी झालेली,
सिद्धेश्वरी